वाळूखालची रेघ

कालाहारीत भूशास्त्रज्ञाचा हातोडा गाडीत सीटखाली धूळ खात पडलेला असतो. मारायचा कशावर? बोट्स्वानाच्या वायव्येला, माउन आणि घांझी या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात, तासन्‌तास गाडी हाकली तरी उघडा खडक नजरेला पडत नाही. वर वाळू, वाळूखाली चुनखडीचा टणक थर आणि त्याच्याही खाली, कुठे पाच मीटरवर तर कुठे पन्नास मीटरवर, खरा खडक. मी धुळ्याकडचा. आमच्याकडे साक्रीच्या रस्त्याला लागलं की शेताशेतांतून डाइकच्या, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या, काळ्या भिंती उभ्या दिसतात. तिथून आलेल्या माणसाला ही सपाटी सुरुवातीला फार छळते. बाबा फोनवर विचारायचे, “वाळूत काय शोधतोस रे?” मी म्हणायचो, “तांबं, आणि त्याबरोबर चांदी.” त्यावर ते, “मग सोनंच शोधायचंस की!”

बाबांना मी कधी नीट सांगितलं नाही, पण तांबं आम्ही थेट शोधतच नव्हतो. शोधायची होती दोन खडकांमधली एक सीमा. खाली न्ग्वाको पॅन नावाचा तांबूस वालुकाश्म, वर डकार नावाचा करडा-हिरवट, बारीक कणांचा गाळखडक. दोन्ही नावं त्याच मुलुखातल्या ठिकाणांची. दोघांच्या तळाशी ख्वेबे टेकड्यांतला ज्वालामुखी खडक आहे. त्याचं वय सुमारे ११० कोटी वर्षं, म्हणजे वरचे गाळ त्यानंतरचे. तांबूस खडक उघड्या हवेत, ऑक्सिजनच्या सहवासात साचला, म्हणून त्यातलं लोखंड गंजून लाल झालं. करडा खडक साचला तो पाण्याखाली, जिथे सेंद्रिय गाळ कुजत होता आणि ऑक्सिजन उरला नव्हता. एवढ्या एका फरकावर आमची सगळ्यांची पोटं चालली होती.

ते असं. जमिनीखाली खोलवर खारट, कोमट पाणी झिरपत असतं. लाल खडकातून जाताना ते तिथलं तांबं आणि चांदी क्लोराइडच्या रूपात उचलतं. जोवर आजूबाजूला ऑक्सिजनयुक्त खडक आहे तोवर हे ओझं पाण्यात निवांत राहतं. करड्या खडकात शिरलं की तिथलं सेंद्रिय द्रव्य आणि पायराइट त्याची वाट अडवतात, पाण्याचा स्वभाव पालटतो आणि धातू गंधकाशी जोडी जमवून खाली बसतो. त्यालाही क्रम असतो. सीमेच्या अगदी लगत चाल्कोसाइट, मग बोर्नाइट, मग चाल्कोपायराइट, त्यापलीकडे शिसं आणि जस्त आणि शेवटी नुसता पायराइट. नंतर साधारण ५०-५५ कोटी वर्षांपूर्वी दमारा पर्वतरांगा घडताना हे सगळे थर दाबले गेले, त्यांच्या वळ्या पडल्या. खडकाला भेगा गेल्या आणि धातू पुन्हा हलून त्या भेगांतल्या क्वार्ट्झ-कॅल्साइटच्या शिरांत गोळा झाला. वळ्यांमुळे तीच सीमा नकाशावर पुन्हा पुन्हा वर येते, नागमोडी, शेकडो किलोमीटर. कागदावर काढलं तर पेन्सिलची एक रेघ. जमिनीवर तिचा मागमूसही नाही.

नामिबियातल्या क्लाइन आउबपासून बोट्स्वानापर्यंत हा पट्टा सुमारे ८०० किलोमीटर पसरला आहे. त्याला कालाहारी कॉपर बेल्ट म्हणतात. क्लाइन आउबची खाण १९६६ ते १९८७ चालली, तिथेही तांब्याच्या जोडीला चांदी होतीच. बोट्स्वाना स्वतंत्र झाला तोही १९६६ मध्येच, आणि त्याच सुमाराला इकडच्या वाळूत पहिल्या पथकांचे तंबू पडले. अँग्लोवाल, यूएस स्टील अशा बड्या कंपन्या १९६०-७० च्या दशकांत इथे येऊन गेल्या. ‘येऊन गेल्या’ हेच या पट्ट्याच्या इतिहासातलं मुख्य क्रियापद. शोधपरवाना आधी तीन वर्षांचा, मग दोन-दोन वर्षांनी नूतनीकरण, आणि दर नूतनीकरणाला निम्मं क्षेत्र सोडून द्यायचं. सोडलेल्या जमिनीचा अहवाल सरकारदरबारी जमा होतो. त्यामुळे प्रत्येक नवी कंपनी कामाला लागायच्या आधी लोबात्सेला जाते. तिथे देशाचं भूवैज्ञानिक दफ्तर आहे.

मलाही पाठवलं होतं. टंकलिखित अहवाल, ट्रेसिंग कापडावर हाताने काढलेले नकाशे, बोअरच्या नोंदी. अक्षर सुंदर. जुन्या भूशास्त्रज्ञांना अक्षर कोण शिकवत असे कोण जाणे, आमच्या पिढीत ते गेलं. वाचता वाचता ध्यानात आलं की सीमेवर तांबं आहे ही गोष्ट या लोकांना पन्नास वर्षांपूर्वीच माहीत होती. त्यांनी ती बोअरमध्ये गाठलीही होती. पण भाव नव्हता, रस्ता नव्हता, वीज नव्हती, आणि त्यांच्या बोअर उथळ होत्या. पुढच्या कंपन्यांनी शोध लावले असं वर्तमानपत्रांत येतं तेव्हा मला ही दफ्तरं आठवतात.

त्या काळच्या कामांतलं सगळ्यात लोभस काम एका बाईंचं. मोनिका कोल या लंडनच्या भूगोलाच्या प्राध्यापिका. खडक दिसत नाही तर झाडं बघू या, असा त्यांचा साधा हिशेब. वाळूखाली तांबं असेल तिथे बहुतेक झाडं कुढतात आणि तांबं सोसणाऱ्या काही मोजक्या वनस्पतींना रान मोकळं मिळतं. हेलिक्रिसम लेप्टोलेपिस हे झेंडूच्या कुळातलं बारकं, करडं झुडूप आणि एक्बोलियम लुगार्डी ही आपल्या अबोली-कोरांटीच्या कुळातली वनस्पती, या दोन खुणा त्यांनी नोंदवल्या. कोणी म्हणेल, वाळूखाली इतक्या खोल काय आहे ते झुडपाला कसं कळणार? तर याच कालाहारीत मेंढपाळ-झाड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोशियाची मुळं एका बोअरमध्ये ६८ मीटर खोलीवर सापडल्याची नोंद आहे. पाण्यासाठी मुळं जातील तिथवर जातात, आणि येताना जे मिळेल ते वर आणतात. पानं गळतात, कुजतात, वाळूच्या वरच्या थरात तांब्याचा अंश उरतो. आमचं माती-नमुन्यांचं सगळं शास्त्र अखेर त्या मुळांच्या मेहनतीवरच उभं होतं.

माती गोळा करणं हे जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम असावं. ठरलेल्या ओळीत ठरलेल्या अंतरावर चालायचं, वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा, वीतभर खणायचं, चाळायचं, पिशवीत भरायचं, नंबर घालायचा. काटेरी झुडपांतून ओळ सरळ ठेवायची म्हणजे शर्टाची आणि कातडीची आहुतीच. आमच्या पथकात तोतेंगकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना आम्ही सगळे ‘रा’ म्हणायचो. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला असंच म्हणतात. सकाळी “दुमेला, रा” म्हटल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नसे. मी घाईघाईत थेट कामाचं बोलायला लागलो की ते आधी माझी रात्र कशी गेली ते विचारायचे, मग माझ्या घरच्यांची, आणि मगच पिशव्या उचलायचे. त्यांना जीपीएसची गरज क्वचित पडे. “इथे गवत वेगळं आहे,” असं ते सहज म्हणत आणि मी वहीत टिपून ठेवत असे. पिशव्या प्रयोगशाळेत जायच्या. तिथून आकडे यायचे ते दशलक्षांत इतके भाग असे. एरवी दहा-बारा असणारा आकडा एका ओळीवर सलग तिशीच्या आसपास आला की कॅम्पवर त्या रात्री कुणाला झोप नाही. इतक्या फरकाला बाहेरचा माणूस हसेल.

दुसरा आधार विमानातून केलेल्या चुंबकीय मोजणीचा. वाळू चुंबकाला दिसतच नाही, ती काचेसारखी पारदर्शक. डकारच्या काही थरांत चुंबकीय खनिजं जास्त, न्ग्वाको पॅनमध्ये कमी, त्यामुळे पडद्यावर वळ्यांचे पट्टे उमटतात आणि रेघ कुठून जात असेल याचा अंदाज बांधता येतो. पण त्या नकाशावर माझी नजर पहिल्यांदा खिळली ती भलत्याच गोष्टीवर. सगळ्या वळ्यांना आडवे छेदत, जवळजवळ पूर्व-पश्चिम गेलेले शेकडो ठळक पट्टे. हा ओकावांगो डाइकांचा समूह. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी कारू लाव्हाच्या काळात वर आलेला, सुमारे दीड हजार किलोमीटर लांब. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे वयाने बराच लहान, पण धंदा तोच. धुळे-नंदुरबारच्या शेतांत ज्या भिंती मी लहानपणापासून बघत होतो त्यांची थोरली भावंडं इथे वाळूखाली गाडलेली होती. शोधाच्या दृष्टीने मात्र हे डाइक म्हणजे ताप. रेघेची बारीक खूण त्यांच्या झगमगाटात हरवते आणि ऐन मोक्याच्या जागी बोअर घातली तर तीनशे मीटरवर खनिजाऐवजी काळा दगड हाती येतो. त्या दिवशी गाववाल्या डाइकचंही काही कौतुक वाटत नाही.

मग ड्रिलिंग. थर वायव्येकडे तिरके उतरलेले, म्हणून बोअरही उलट बाजूने तिरकी घालायची, म्हणजे सीमा आडवी कापली जाते. आधी डकारच्या करड्या खडकातून जायचं आणि शेवटी लालात शिरायचं. वरचा भाग बहुधा हवेच्या दाबाच्या रिगने झटपट उरकत असू. त्यातून नुसता चुरा मिळतो, पण खर्च कमी. सीमा जवळ आली की हिऱ्याचं बिट लावून अखंड कोअर, म्हणजे दगडाचा दंडगोल, काढायचा. सीमा लागल्याचं पहिल्यांदा ड्रिलरला कळतं, भूशास्त्रज्ञाला नाही. बोअरमधून परत येणारं पाणी करडं असतं, ते अचानक विटकरी होतं. रात्रपाळीचा ड्रिलर रेडिओवर एवढंच म्हणायचा, “पाणी लाल झालं.” बिछान्यातून उठून रिगकडे जाताना अंधारात हत्ती आडवे यायचे. न्गामी सरोवर दूर नव्हतं आणि त्यांना आमच्या वेळापत्रकाशी देणंघेणं नव्हतं.

कोअर ट्रेमध्ये मांडून झाला की त्यावर पाण्याचा फवारा मारायचा. कोरडा कोअर मुका असतो, ओला झाला की बोलायला लागतो. करड्या दगडात आधी पितळी पिवळे ठिपके, ते चाल्कोपायराइट. थोडं खाली बोर्नाइट. ताजा फोडला तर तो तपकिरी-गुलाबी असतो, हुबेहूब नव्या तांब्याच्या रंगाचा. पण हवा लागली की काही तासांत जांभळा-निळा पडू लागतो आणि दोन दिवसांनी त्याच ट्रेमध्ये मोरपंखी पट्टे दिसतात. नवशिक्याला वाटतं रात्रीत कुणी ट्रे बदलला. त्याच्याही खाली, लाल खडकाला अगदी खेटून, चाल्कोसाइट. दिसायला काही नाही, शिशासारखा करडा. चाकूच्या टोकाने ओरखडा काढला तर मऊ लागतो आणि बोटाला काजळी येते. सगळ्यात जास्त तांबं त्यातच, वजनाच्या जवळजवळ ८० टक्के. मी भिंग लावून बसायचो आणि मागे उभा असलेला पाहुणा, मुख्य कचेरीतून आलेला, त्या पिवळ्या ठिपक्यांचेच फोटो काढत बसायचा.

चांदी? चांदी दिसत नाही. बहुतेक ठिकाणी ती बोर्नाइट आणि चाल्कोसाइटच्या स्फटिकांत तांब्याच्या जागी शिरून बसलेली असते, क्वचित कुठे केसासारखी सुटी. प्रयोगशाळेचा कागद आला की कळतं. कोअर उभा चिरून अर्धा पाठवायचा, अर्धा जपून ठेवायचा, मध्ये मध्ये ज्ञात मूल्याचे आणि कोरे नमुने घुसवायचे, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. झोन ५ नावाच्या साठ्यात सरासरी सुमारे २ टक्के तांबं आणि टनामागे साधारण २० ग्रॅम चांदी आहे. वीस ग्रॅम म्हणजे एक बरीशी अंगठी, टनभर दगडातून! जुन्या नोंदींत चांदीचा रकाना कितीदा रिकामाच सोडलेला. पण २०१९ मध्ये याच खाणीच्या उभारणीला पैसा कमी पडत होता तेव्हा रॉयल गोल्ड या अमेरिकी कंपनीने पुढे निघणाऱ्या चांदीपैकी ८० टक्के चांदीचा हक्क २१.२ कोटी डॉलरला आगाऊ विकत घेतला. खाण तांब्याची, बांधायला निघाली चांदीच्या जोरावर. बाबांना हे मी आवर्जून फोनवर सांगितलं होतं.

झोन ५ ची कथा समजायची तर आधी बोसेटो समजायला हवी. याच रेघेवर बोसेटोची खाण २०१२ मध्ये सुरू झाली, उघड्या खड्ड्यांची, आणि २०१५ मध्ये बंद पडली. लोक म्हणतात भाव पडला. पडलाच होता. पण कर्जाच्या जोडीला एक साधी खनिजशास्त्रीय अडचणही होती. वरच्या थरांत पाऊस आणि हवेने गंधकाची खनिजं सडवून त्यांचं मॅलाकाइट, क्रिसोकोला असं हिरवं-निळं काहीतरी करून ठेवलेलं असतं. दिसायला देखणं, पण कारखान्यातली फेसाची पद्धत गंधकाच्या खनिजांसाठी केलेली. हिरवी खनिजं बुडबुड्याला नीट चिकटत नाहीत आणि गाळाबरोबर वाहून जातात. खडकात तांबं आहे, पण हाती येत नाही. शोध घेणारे आम्ही लोक टक्केवारी सांगून मोकळे होतो. कोणत्या खनिजातली टक्केवारी, हे तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं, असं माझं मत आहे, आणि बैठकांत ते फारसं लोकप्रिय नाही.

क्यूप्रिक कॅन्यन या कंपनीने २०१३ मध्ये हाना मायनिंग ही दुसरी कंपनी घेतली, २०१५ मध्ये बोसेटोचा बंद पडलेला कारखानाही घेतला, आणि भर दिला तो खोलीवर. झोन ५ चार किलोमीटरहून जास्त लांब, वर नुसता वाळूचा गालिचा, पण सडलेल्या थराखाली बोर्नाइट-चाल्कोसाइटचा सलग जाड पट्टा, खोलवर उतरत गेलेला. भुयारी खाण झाली, खनिज सुमारे ३५ किलोमीटरवरच्या त्याच जुन्या कारखान्यात न्यायचं ठरलं. जून २०२१ मध्ये खोमाकाउ नावाच्या या खाणीचं पहिलं कॉन्सन्ट्रेट निघालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये एमएमजी या कंपनीने ती १८७.५ कोटी डॉलरला घ्यायचा करार केला. १९७० च्या दशकातल्या त्या सुंदर अक्षरवाल्यांपैकी कोणी हयात असेल तर त्याला काय वाटलं असेल?

रेघेचं सगळं बरोबर ठरत होतं आणि नेमकं तेव्हाच, २०१६ मध्ये, नैऋत्येकडे घांझीच्या बाजूला मॉड रिसोर्सेस या छोट्या ऑस्ट्रेलियन कंपनीला टी३ हा साठा सापडला. मातीतली खूण अगदी फिकी. खाली मात्र उथळ खोलीवर जाडजूड खनिज. आणि ते रेघेवर नव्हतंच! डकारच्या पोटात, सीमेपासून बरंच वर, वळीच्या माथ्याशी भेगांतल्या शिरांत ते जमलेलं होतं. दमारा काळात खडक दबताना पाणी वर सरकलं आणि मध्येच एका थराने ते अडवलं, असा त्याचा अर्थ. पुढे सँडफायरने ही कंपनी घेतली आणि २०२३ मध्ये तिथली मोतेओ खाण सुरू झाली.

आमच्या कॅम्पवर ती बातमी आली तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, ‘तिथली भूरचना वेगळी असेल.’ दुसऱ्या दिवशी सगळे गुपचूप कोअर-शेडकडे वळले. कारण सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं. डकारचा वरचा भाग, ज्यातून आम्ही हवेच्या रिगने भराभर खाली उतरायचो, त्याचे नमुने कुणीच प्रयोगशाळेत पाठवत नव्हतं. आम्हीच नव्हे, शेजारीपाजारी सगळेच. वर्षानुवर्षं त्या भागाची नोंद एका ओळीत व्हायची: गाळखडक, करडा, खनिज नाही. ‘खनिज नाही’ हे भिंगाने ठरवलेलं. रेघ सापडावी म्हणून आखलेल्या पद्धतीत रेघेबाहेरचं काही सापडण्याची सोयच नव्हती. पद्धत चांगली होती म्हणून तर हे घडलं. वाईट पद्धत कुणी इतकी वर्षं निष्ठेने पाळत नाही.

मग चुऱ्याच्या जुन्या पिशव्या बाहेर निघाल्या. उन्हाने पिशव्यांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं, हात लावला की फाटायचं, नंबर पुसट. रा आणि दोन पोरं एकेक पिशवी चाळून, धुऊन, खणांच्या डब्यांत भरत होती आणि मी हातातल्या एक्स-रे यंत्राने एकेक खण तपासत होतो. बहुतेक ठिकाणी काहीच नाही. काही बोअरमध्ये शिसं-जस्ताचा हलका वास. दोन-तीन ठिकाणी, वळीच्या माथ्याजवळ, क्वार्ट्झच्या तुकड्यांना चिकटलेलं चाल्कोपायराइट. खाण होईल इतकं नाही, पण पुढची बोअर कुठे घालावी याबद्दल विचार बदलायला पुरेसं. त्यातल्या एका जागेवर राचा जुना शेरा माझ्या वहीत होता, वेगळ्या गवताचा. तो योगायोग असेल. गवताचं वेगळेपण उथळ चुनखडीमुळेही येतं.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक बोअरचा नमुना वाळू संपते तिथपासून तळापर्यंत घेतला जातो, मध्ये एक मीटर सुटत नाही. नव्या पोरांना याचा वैताग येतो. पिशव्यांचा ढीग, गाडीच्या खेपा, कुके कुंपणाच्या फाटकावर तपासणीसाठी थांबणं. हे जनावरांच्या रोगराईसाठी घातलेलं १९५८ चं कुंपण. फाटकावर कच्चं मांस शोधणारे शिपाई आमच्या शेकडो पिशव्यांकडे बघून दर वेळी नव्याने चक्रावतात. हिशेबनीस महिन्याच्या शेवटी नमुन्यामागचा खर्च मांडून पाठवतात आणि खाली लिहितात, ‘वरच्या भागाचे निकाल याही महिन्यात शून्य. पुढे चालू ठेवायचं का?’ मी उलट टपाली टी३ चा उभा छेद जोडून ‘हो’ लिहितो. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न, तोच छेद.